चिमूटभर टाकणखार

सत्तरच्या दशकात डोंबिवलीच्या आमच्या चाळीत बोरिक पावडरचा एक डबा होता. तो नक्की कुणाचा, हे सांगणं कठीण. पैसे गॅलरीत कॅरम खेळणाऱ्या पोरांनी वर्गणी काढून दिलेले असत, पण डबा राही आमच्याकडे, कारण आमची खोली जिन्याच्या तोंडाशी होती. संध्याकाळ झाली की पोरं 'काकू, पावडर' करत दारात यायची, बोर्डावर चिमूट-दोन चिमूट भुरभुरवायची आणि डबा परत आणून द्यायची. कुणाचे डोळे आले तर त्याच डब्यातली पावडर कोमट पाण्यात विरघळवून कापसाच्या बोळ्यानं डोळे शेकले जात. दिवाळीची साफसफाई निघाली की तीच पावडर साखर घालून कणकेत मळायची, छोट्या गोळ्या करायच्या आणि झुरळांसाठी मोरीच्या कोपऱ्यात ठेवायच्या. एकाच डब्यात खेळ, औषध आणि विष आहे याचं आम्हाला कधी आश्चर्य वाटलं नाही. पांढरी पावडर होती, सगळीकडे चालायची, एवढंच.

आईच्या बाळगुटीच्या डब्यात मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड यांच्या सोबतीला आणखी एक पुडी असे. तिच्यात साखरेच्या मळकट खड्यांसारखे दिसणारे टाकणखाराचे खडे. काही घरांत त्याला सवागी म्हणत. तान्ह्या मुलाचं तोंड आलं की तव्यावर खडा ठेवायचा. तो चुरचुरतो, फुगतो आणि पांढरीशुभ्र लाही होते. ती चुरडून मधात कालवायची आणि बोटानं बाळाच्या जिभेवर, हिरड्यांवर फिरवायची. बोरिक पावडर औषधाच्या दुकानातून यायची आणि टाकणखार काष्ठौषधीवाल्याकडून, त्यामुळे या दोन्ही वस्तू एकाच मूलद्रव्याच्या आहेत हे घरात कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. मला ते कॉलेजात कळलं, आणि कळूनही त्याचा घराशी संबंध लावायचं सुचलं नाही.

तो संबंध गेल्या वर्षी लागला. लेक बाळंतपणाला आली होती. बाळ दीड महिन्याचं असताना त्याच्या जिभेवर पांढरा थर दिसायला लागला. आईचं वय आता चौऱ्याऐंशी. तिनं एक नजर टाकली आणि म्हणाली, "तोंड आलंय. टाकणखाराची लाही लाव मधातून, दोन दिवसांत जाईल." लेकीनं बाळाला उचलून छातीशी धरलं. "आजी, त्याला काहीही लावायचं नाही." आई म्हणाली, "अगं, तुझ्या आईला लावलीय. ही काय, उभी आहे ना समोर!" दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, पण जन्म गेला बँकेत. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

डॉक्टरांनी थेंब दिले, आठवड्यात जीभ साफ झाली. आईचा प्रश्न मात्र राहिला. ती नुसती हट्ट करत नव्हती. पिढ्यान् पिढ्या आम्ही हे करत आलो, ते काय होतं, असं तिचं म्हणणं होतं. म्हणून मी त्या पुडीचा माग काढायला बसले.

*

सुरुवात नावापासून केली. संस्कृतात टाकणखाराला 'टंकण' म्हणतात. आज टंकण म्हटलं की टायपिंग आठवतं, पण रसशास्त्राच्या ग्रंथांत यवक्षार आणि सर्जिक्षार यांच्याबरोबर टंकण मिळून 'क्षारत्रय' होतो. हिंदीत तोच सुहागा, सोन्याबरोबर म्हणीत जाऊन बसलेला. फारसी-अरबी वाटेनं त्याचं 'बौरक' आणि युरोपात 'बोरॅक्स' झालं. कच्च्या, न शुद्ध केलेल्या मालाला युरोपातले व्यापारी 'टिंकल' म्हणत. त्या शब्दात आपलं टंकण स्पष्ट ऐकू येतं.

सोन्याशी त्याची जोडी का, हे मला कल्याणच्या एका म्हाताऱ्या सोनारांनी पूर्वी दाखवलं होतं. टाकणखाराचा खडा ते दगडावर पाण्याचे थेंब टाकून उगाळत. ते गंध दागिन्याच्या जोडावर लावत आणि मग फुंकणीनं ज्योत मारत. धातू तापला की त्याच्यावर हवेतल्या ऑक्सिजनचा पातळ थर चढतो, आणि तो थर असेपर्यंत जोड बसत नाही. टाकणखार वितळून काचेसारखा होतो, हा थर स्वतःत विरघळवून घेतो आणि खालचा धातू स्वच्छ ठेवतो. कॉलेजात आम्ही हेच वेगळ्या नावानं करत होतो. प्लॅटिनमच्या तारेच्या टोकाला बोरॅक्सचा मणी करायचा, त्याला क्षार लावून तापवायचा आणि रंग बघायचा. कोबाल्ट असेल तर गडद निळा, क्रोमियम असेल तर हिरवा. सोनाराच्या दुकानात आणि प्रयोगशाळेत एकच गोष्ट घडत होती, पण मी एकीला कसब म्हणत होते आणि दुसरीला विज्ञान.

हा माल यायचा कुठून? आपल्याकडून तर नक्कीच नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. बोरॉन मुळातच दुर्मीळ. कार्बन, ऑक्सिजन, लोखंड ही ताऱ्यांच्या पोटात तयार होतात. बोरॉन तिथे टिकत नाही. विश्वकिरण मोठ्या अणूंवर आदळून त्यांचे तुकडे पडतात, त्या तुकड्यांत थोडंफार बोरॉन सापडतं. पृथ्वीवर जे आलं त्याचीही एक खोड अशी की त्याचे बरेचसे क्षार पाण्यात विरघळतात. जिथे पाऊस जोरदार, तिथे ते नदीवाटे समुद्राला मिळतात. उल्हास नदीच्या खोऱ्यात टाकणखार साठणं म्हणजे जुलै महिन्यात अंगणात मीठ वाळत घालण्यासारखं आहे. समुद्राच्या पाण्यात मात्र लिटरमागे साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास बोरॉन असतं, तेव्हा ठाण्याच्या खाडीत ते आहेच. ते हाती लागण्याजोगं नाही, इतकंच.

ते साठतं कोरड्या, उंच प्रदेशात, जिथे गरम झऱ्यांतून वर आलेलं पाणी वाहून न जाता आटतं. लडाखमधलं पुगा खोरं असं आहे. तिबेटमधली सरोवरं अशीच. तिथे काठावर जमलेला टाकणखार गोळा करून मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर लहान लहान पिशव्यांतून हिमालयाच्या खिंडी ओलांडून खाली आणला जाई. येताना मीठ आणि टाकणखार, जाताना धान्य, असा तो व्यवहार. १७८३ साली ईस्ट इंडिया कंपनीचा वकील म्हणून सॅम्युएल टर्नर तिबेटला गेला, त्याच्या प्रवासवृत्तात या टिंकलची नोंद आहे. युरोपात तो शुद्ध करण्याचं गुपित व्हेनिसच्या लोकांनी पुष्कळ काळ स्वतःकडे राखलं होतं. म्हणजे एकाच तिबेटी सरोवराच्या काठचा खडा व्हेनिसच्या कारागिराकडेही जात होता आणि आपल्या सोनाराकडेही.

टाकणखार दुरून येई, महाग असे, आणि म्हणून जपून वापरला जाई. आजीच्या आजीच्या हातातली चिमूट लहान होती यामागे शहाणपण असेलही, पण किंमतही असणार.

*

किंमत कोसळली एकोणिसाव्या शतकात. त्याआधीची थोडी पार्श्वभूमी सांगते. १७०२ साली व्हिल्हेल्म होम्बर्ग या रसायनशास्त्रज्ञानं टाकणखारापासून बोरिक ॲसिड वेगळं केलं आणि त्याला नाव दिलं 'शामक क्षार'. शांत करणारा, गुंगी आणणारा. १८०८ मध्ये पॅरिसमध्ये गे-ल्युसॅक आणि थेनार या जोडीनं, आणि लंडनमध्ये हम्फ्री डेव्हीनं, त्यातलं मूलद्रव्य जवळपास एकाच वेळी मोकळं केलं. बोरॅक्समधून आलेलं आणि कार्बनसारखं दिसणारं म्हणून डेव्हीनं पुढे त्याला 'बोरॉन' म्हटलं. दोघांच्याही हाती आलेली तपकिरी भुकटी भेसळीची होती. खरंखुरं शुद्ध बोरॉन मिळायला १९०९ साल उजाडलं.

व्यापाराला मात्र शुद्ध मूलद्रव्याची गरज नव्हती. इटलीत टस्कनीच्या वाफाळणाऱ्या डबक्यांतून १८१८ पासून लार्देरेल नावाच्या माणसानं बोरिक ॲसिड काढायला सुरुवात केली. मग अमेरिकेत नेवाडा-कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात साठे सापडले. १८८३ ते १८८९ या काळात डेथ व्हॅलीतून वीस-वीस जनावरं जुंपलेल्या गाड्या १६५ मैलांवरच्या रेल्वे स्टेशनापर्यंत माल ओढत. हिमालयातल्या मेंढ्यांनी या गाड्यांशी काय स्पर्धा करायची? तिबेटचा व्यापार ओसरला. आज जगातल्या ज्ञात बोरॉन-साठ्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक तुर्कस्तानात आहेत, आणि भारत कच्चा माल बाहेरूनच आणतो.

हा बाहेरून आलेला माल आमच्या अगदी शेजारी उतरत होता. कल्याणहून कर्जतच्या दिशेनं निघालं की विठ्ठलवाडी, उल्हासनगर आणि मग अंबरनाथ. बाहेरच्या लोकांना अंबरनाथ ठाऊक असतं ते अकराव्या शतकातल्या शिवमंदिरामुळे. आमच्या लहानपणी मात्र अंबरनाथ म्हणजे कारखाने. विम्कोच्या काड्यापेट्या, ऑर्डनन्स फॅक्टरी आणि धरमसी मोरारजी. १९१९ मध्ये स्थापन झालेली धरमसी मोरारजी केमिकल कंपनी ही देशात सल्फ्युरिक ॲसिड आणि फॉस्फेट खतं बनवणाऱ्या अगदी पहिल्या कंपन्यांपैकी. त्याच घराण्यातली 'बोरॅक्स मोरारजी' ही कंपनी साठच्या दशकात उभी राहिली, तिचा कारखानाही अंबरनाथलाच. बोरेटच्या खनिजावर सल्फ्युरिक ॲसिडची क्रिया केली की बोरिक ॲसिड मिळतं, म्हणजे ॲसिडचं घर आणि बोरॅक्सचं घर शेजारी असणं सोयीचंच. ती कंपनी पुढे मूळ कंपनीत विलीन झाली.

आमच्या चाळीतले निम्मे बाप्ये सकाळी मुंबईच्या दिशेनं जात आणि काही उलट्या दिशेनं, अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांत. डबा घेऊन गाडीत चढणाऱ्या त्या काकांना आपण नेमकं काय बनवतो हे विचारलं तर 'केमिकल' एवढंच उत्तर मिळे. त्या केमिकलपैकी एखादं आपल्या घरातल्या कॅरमबोर्डावर आहे, असं त्यांना तरी कुठे वाटलं असेल?

तेव्हा मधल्या काळात घडलं ते असं. जी वस्तू आठवडेच्या आठवडे चालून यायची ती औषधाच्या दुकानात चार-आठ आण्यांत मिळू लागली. वस्तू स्वस्त झाली, शुद्ध झाली, मुबलक झाली. घरातली रीत मात्र जुनीच राहिली.

*

कॅरमच्या बाबतीत या मुबलकपणाचं कुणी वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. बोरिक ॲसिडचा रेणू चपटा असतो. मध्ये बोरॉनचा एक अणू, भोवती ऑक्सिजनचे तीन आणि त्यांना धरून हायड्रोजनचे तीन. हे चपटे रेणू हातात हात घालून पातळ पत्रा तयार करतात. पत्र्यातली पकड घट्ट, पण एका पत्र्याची दुसऱ्याशी पकड सैल. वरच्या पत्र्याला जरा ढकललं की तो खालच्यावरून सरकतो. पेन्सिलीचं शिसं कागदावर उतरतं तेही असंच. स्ट्रायकर मारला की बोर्डावरच्या पावडरीचे थर एकमेकांवरून निसटत जातात आणि सोंगटी पार भोकापर्यंत जाते. बोरिक पावडर संपली की पोरं टाल्कम पावडर टाकून बघत, आणि दोन डावांत बोर्ड 'जड' झाला म्हणून कुरकुरत. त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

काचेतही बोरॉननं आपल्या घरात मुक्काम केलाय. साध्या काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतला की तो तडकतो, कारण आतली बाजू झटकन प्रसरण पावते आणि बाहेरची मागे राहते. वाळूबरोबर सुमारे १३ टक्के बोरॉन ऑक्साइड वितळवलं तर काचेचं प्रसरण साध्या काचेच्या तिसऱ्या हिश्श्यावर येतं. जर्मनीत ऑटो शॉटनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशी काच केली, अमेरिकेत १९१५ मध्ये ती 'पायरेक्स' नावानं स्वयंपाकघरात आली, आणि मुंबईत १९६२ साली निघालेल्या बोरोसिलच्या नावातच बोरॉन आणि सिलिका आहेत. माझ्या नातवाची दुधाची काचेची बाटली याच काचेची. तिच्यातलं बोरॉन वाळूशी असं बांधलेलं असतं की ते दुधात उतरायची भीती नाही. ज्या मूलद्रव्यावरून घरात भांडण झालं, तेच दिवसातून सहा वेळा उकळून बाळाच्या तोंडाशी धरलं जात होतं. म्हणजे प्रश्न नुसत्या बोरॉनचा नाही, ते कोणत्या रूपात आणि किती पोटात जातं याचा आहे.

ठाणे जिल्ह्याशी बोरॉनचा आणखी एक संबंध आहे, आणि तो कॅरमपेक्षा बराच गंभीर. २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत तारापूर ठाणे जिल्ह्यात होतं. १९६९ मध्ये तिथे देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. अणुभट्टीत युरेनियमचा अणू फुटला की न्यूट्रॉन बाहेर पडतात आणि ते आणखी अणू फोडतात. ही साखळी हाताबाहेर जाऊ द्यायची नसेल तर न्यूट्रॉन गिळणारं काहीतरी हवं. निसर्गातल्या बोरॉनपैकी साधारण पाचवा हिस्सा 'बोरॉन-१०' या प्रकारचा असतो, आणि त्याची न्यूट्रॉनची भूक प्रचंड. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांसारख्या भट्ट्यांत बोरॉन कार्बाइड भरलेल्या नियंत्रक कांड्या खालून वर सरकवून साखळी थांबवतात. १९८६ मध्ये चेर्नोबिलला हेलिकॉप्टरमधून वाळू आणि शिशाबरोबर बोरॉनही ओतलं गेलं. २०११ मध्ये फुकुशिमात समुद्राच्या पाण्यात बोरिक ॲसिड मिसळून भट्टीत सोडावं लागलं. शांत करणारा क्षार हे होम्बर्गचं नाव इथे मात्र शोभतं.

*

आता आईचा प्रश्न.

टाकणखार औषध झाला तो काही अडाणीपणातून नाही. बोरिक ॲसिड बुरशीला आणि काही जंतूंना खरोखरच आवरतं. १८७० च्या दशकात जोसेफ लिस्टरनं, शस्त्रक्रियेत जंतुनाशक आणणाऱ्या त्या माणसानं, जखमांच्या पट्ट्यांसाठी ते वापरलं. कार्बोलिक ॲसिडनं कातडी जळायची, बोरिक सौम्य होतं. या सौम्यपणानंच घोटाळा केला. झोंबत नाही, वास नाही, चवीला फारसं वाईट नाही, म्हणून ते डोळ्यांत गेलं, बाळांच्या लंगोटाखालच्या पावडरीत गेलं, लोणी आणि मांस टिकवायला गेलं. १९०२ मध्ये अमेरिकेत हार्वे वायलीनं तरुण स्वयंसेवकांना जेवणातून टिकवणारे पदार्थ देऊन काय होतं ते पाहिलं, तेव्हा पहिला नंबर टाकणखाराचा होता. त्यांची भूक गेली, डोकी आणि पोटं दुखू लागली. भारतातही खाद्यपदार्थांत टाकणखार किंवा बोरिक ॲसिड घालायला परवानगी नाही.

पोटात गेलेलं बोरिक ॲसिड जवळजवळ सगळं रक्तात उतरतं. धड कातडीतून ते फारसं आत जात नाही, सोललेल्या कातडीतून जातं. शरीर त्याचं काही करू शकत नाही, मूत्रपिंडं ते जसंच्या तसं बाहेर टाकतात, आणि त्यातलं निम्मं जायला मोठ्या माणसालाही जवळपास एक दिवस लागतो. तान्ह्या मुलाची मूत्रपिंडं अजून तयार होत असतात. दिवसातून चार वेळा बोट फिरवलं तर पहिलं जायच्या आधी दुसरं येतं आणि ते साठत जातं. जुन्या वैद्यकीय पुस्तकांत तान्ह्या मुलाचा जीव घेणारी मात्रा तीन ते सहा ग्रॅम दिलेली असते. म्हणजे जेमतेम एक चमचा.

झाडांनाही हेच लागू आहे. बोरॉनशिवाय झाड वाढत नाही, हे १९२३ मध्ये कॅथरीन वॉरिंग्टन यांनी इंग्लंडमध्ये घेवड्याच्या जातीच्या पिकावर दाखवून दिलं. मुरबाड-शहापूरकडचे भाजीवाले शेतकरी कृषी केंद्रातून 'बोरॉन २० टक्के' आणतात, ते लिटरमागे ग्रॅमच्या हिशेबात फवारतात. हात जरा सैल पडला की पानांच्या कडा करपतात. गरज आणि इजा यांच्यातलं अंतर फार थोडं. पण शेतकऱ्याच्या पाकिटावर प्रमाण छापलेलं असतं. आईच्या पुडीवर काहीच छापलेलं नव्हतं.

मी आईला लाहीचं गणित सांगायचं ठरवलं, कारण तिचा मुख्य मुद्दा तो होता. कच्चा टाकणखार आम्ही कधीच दिला नाही, भाजून शुद्ध करून दिला, असं ती म्हणे. टाकणखाराच्या खड्यात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. तव्यावर ते पाणी उडतं आणि म्हणून तो फुगतो. बोरॉन जिथल्या तिथे राहतं. म्हणजे वजनावर मोजलं तर लाहीत खड्याच्या जवळपास दुप्पट बोरॉन. उलट लाही पोकळ असल्यामुळे चिमटीत कमी मावते. एका बाळाला नेमकं किती गेलं, हे ना लावणारीला सांगता येईल ना डॉक्टरला. आई ऐकत होती. "म्हणजे भाजून पाणीच जातं होय," एवढंच ती म्हणाली.

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली नाही. १९८३ मध्ये ब्रिटनमधल्या बालरोगशास्त्राच्या एका नियतकालिकात दोन डॉक्टरांनी आयर्लंडमधल्या सात तान्ह्या मुलांची हकीकत छापली. या मुलांना आकडी येत होती आणि कारण सापडत नव्हतं. मग लक्षात आलं की त्यांच्या चोखणीला मध आणि टाकणखाराचं तयार मिश्रण लावलं जात होतं. ते दुकानात राजरोस मिळायचं. मिश्रण बंद केल्यावर आकडी थांबली. आपल्या स्वयंपाकघरापासून इतक्या दूर, तोच मध, तोच टाकणखार, तेच आईचं बोट. (मधाचा वेगळा धोका आहेच. बोट्युलिझमच्या भीतीनं वर्षाच्या आतल्या मुलाला मध देऊ नये असं आता डॉक्टर सांगतात.) त्या आयांना कुणी दोष द्यावा? आकडी आली की त्या डॉक्टरकडे धावत होत्या, आणि घरी आल्या की रडणाऱ्या बाळाला शांत करायला तेच मिश्रण लावत होत्या.

हे मी सांगितलं नाही याचं कारण आमच्या घरातलं. माझ्याआधी आईला एक मुलगा झाला होता. तो तीन महिन्यांचा होऊन आकडी येऊन गेला. घरात त्याचा उल्लेख क्वचित होई, झाला तर 'पहिला' एवढाच. त्या काळी तान्ही मुलं कितीतरी कारणांनी जात. तापानं, धनुर्वातानं, अंगात कॅल्शियम कमी पडल्यानं. साठ वर्षांपूर्वीच्या एका मृत्यूचं कारण आज एका निबंधावरून ठरवता येत नाही, आणि ठरवूही नये. तरी तो निबंध वाचून झाल्यावर मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले होते.

डोंबिवलीत राहणाऱ्यांना केमिकलची भीती ठाऊक आहे. २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांत एमआयडीसीत झालेल्या स्फोटांनी आमच्याकडच्या काचासुद्धा हादरल्या होत्या. पण ती भीती रेल्वेलाइनच्या पलीकडची, धुराड्यांची. बाळगुटीच्या डब्यातली पुडी आपण केमिकलमध्ये धरत नाही, कारण तिला आईच्या हाताचा वास असतो. टाकणखार कुठून आला, स्वस्त केव्हा झाला, त्यात काय असतं, याचा इतिहास मला या वयात शोधावा लागला. तो आईला तिच्या विशीत कुणी सांगितला असता तर तिनं तो नक्की ऐकला असता. ती ऐकणारी बाई आहे.

महिनाभरानं लेक बाळाला घेऊन ठाण्याला सासरी गेली. तिच्यामागे आवराआवर करताना मी बाळगुटीचा डबा उघडला. मुरुडशेंग होती, वेखंड होतं, जायफळ होतं. टाकणखाराची पुडी नव्हती. दोन दिवसांनी मोरीच्या फळीवर, फिनेलच्या बाटलीमागे, ती मला दिसली. बरणीत घालून झाकण घट्ट लावलं होतं आणि वर चिकटपट्टीनं कागद लावला होता. कापऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'मुंग्यांसाठी'.

मी आईला काही विचारलं नाही. बरणी होती तिथेच ठेवली.